प्रवचनसंग्रहातल्या चुकीच्या सनावळ्या: मजकुरात दुरुस्ती की तळटीप?

रामबागकर, इंदूर
मंडळाकडून महाराजांच्या प्रवचनसंग्रहाची तिसरी आवृत्ती निघते आहे. जुन्या छपाईत समर्थांचं निर्वाण एकदा १६८१, चाळीस पानांनंतर १६८२. माउलींची समाधी एकीकडे कार्तिक वद्य १३, दुसरीकडे मार्गशीर्ष वद्य १३. दुरुस्तीचं नाव काढलं की एकनाथांची नरोटीची ओवी ऐकवतात: ज्ञानेश्वरीत पदरची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणं. नेमकं कशाला हात लावायचा?

जुनी_वही, ग्वाल्हेर
ती ओवी ऐकवणाऱ्यांना सांगा की शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो नाथांनीच. मनाई आहे ती पदरची ओवी घुसडायला.

आधी चूक कोणाची ते ठरवा. मथळे, चरित्रपट, फोटोखालच्या ओळी, सूची हे सगळं संपादकाचं. ते सरळ बदला. प्रवचनातला आकडा असेल तर ध्वनिफीत किंवा मूळ वही काढा. समर्थांची तिथी माघ वद्य ९, शके १६०३. त्यात डोळे मिटून ७८ मिळवले की १६८१ येतं. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, माघ येईपर्यंत इंग्रजी साल उलटलेलं असतं. तिथे ७९ मिळवायचे, म्हणजे १६८२. पौष कधी दोन्ही सालांत पडतो, त्याला जंत्रीच, म्हणजे तिथी-तारखांचा तक्ताच हवा.

आता वहीत ‘शके सोळाशे तीन’ एवढंच असेल आणि १६८१ उतरवून घेणाऱ्याने कंसात घातलं असेल, तर मजकुरातच १६८२ करा. महाराज स्वतः १६८१ म्हणाले असतील तर ते तसंच राहू द्या, खाली एका ओळीची टीप द्या, शेवटी ‘संपा.’ लिहा. टिपेत वाद नको.

पडताळा हवा तर संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव बघा. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी प्रभव या पहिल्या नावापासून मोजा. १५०६ ला बाकी १८, तारण. नाथांनी तेच नाव दिलंय. आपल्याकडच्या उत्तरेच्या पंचांगात मात्र संवत्सराचं नाव वेगळं येतं, त्यावरून मराठी पोथी तपासू नका.

मांडवी_वडोदरा
समाधीच्या तिथीत बहुधा कोणाचीच चूक नाही. माळव्यात हिंदी पंचांगाचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपला कार्तिक वद्य तिकडे मार्गशीर्ष कृष्ण. कोणीतरी हिंदी टिपणावरून घेताना ‘कृष्ण’चं ‘वद्य’ केलं आणि महिना तसाच ठेवला. झाली तिथी एक महिना पुढे! शुद्ध पक्षात हा घोळ होत नाही, म्हणून फक्त वद्यातल्या तिथ्या चाळा.

गुजरातेतलं पत्र छापणार असाल तर विक्रम संवतही बघा. इथलं वर्ष कार्तिकात बदलतं, तुमच्याकडचं चैत्रात. वैशाख, संवत १९५६ म्हणजे तुमच्याकडे १८९९, आमच्याकडे १९००. पत्र कुठून लिहिलंय ते आधी वाचा.

रामबागकर, इंदूर
फाईल जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणली आहे. सगळीकडे १६८१ चं १६८२ एकदम बदलून टाकू का?

जुनी_वही, ग्वाल्हेर
अजिबात नको! शंभूराजांचा राज्याभिषेक १६८१ चाच आहे, माघ शके १६०२. एकेक जागा उघडून बघा. फाँट बदलताना रफार आणि जोडाक्षरं हलतात, तेव्हा प्रूफ दोघांनी वाचा: एकाने जुनं पुस्तक मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवायचं. आकडे ‘एक-सहा-आठ-दोन’ असे सुटे वाचा. झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत १ आणि ९ सारखेच दिसतात.

शुद्धिपत्राची सुटी चिठ्ठी गळून पडते. पुस्तकातच एक पान द्या: जुन्या आवृत्तीचं पृष्ठ, ओळ वरून की खालून, आधीचा पाठ, आताचा पाठ, आधार. आणि पहिल्या पानावर ‘पुनर्मुद्रण’ छापू नका, ‘सुधारित तिसरी आवृत्ती’ छापा.