पीएस५ डिस्कवाला घ्यावा का बिनडिस्कचा? आणि सगळे गेम कार्डावर का देत नाहीत?

खानापूरचा_पाऊस:
नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, गेमचा कन्सोल) बघायलोय. आमच्याकडं खानापुरात पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, कपाटातल्या जुन्या सीड्यांवर बुरशी चढते आणि नेट म्हणाल तर पाऊस जोरात लागला की गेलंच. निंटेंडोच्या स्विच कन्सोलला कसं छोटं कार्ड असतंय, तसं सोनीवाले का देत नाहीत? ६४ जीबीचा पेनड्राईव्ह बेळगावात खडेबाजारात कुठंही मिळतोय, मग ही डिस्क अजून कशाला ठेवलीय? आणि जास्त टिकतं काय, डिस्क का कार्ड?

निपाणी_गेमर:
भावा, सगळा पैशाचा खेळ हाय. ब्लू-रे, म्हणजे पीएस५ ची डिस्क, छापखान्यात लग्नपत्रिका छापल्यागत, एकदा साचा झाला की धडाधड निघतात, आणि आत २० जीबी असू दे नाहीतर ५० जीबी, खर्चात फार फरक पडत नाही. कार्डात चिप लागते, जीबी वाढले की चिप महाग. हे आजचं नाही, १९९६ ला निंटेंडो ६४ हा कन्सोल कार्ट्रिजवर (चिपवाल्या गेमच्या खोक्यावर) राहिला तेव्हा मोठ्यात मोठी कार्ट्रिज ६४ एमबीची आणि प्लेस्टेशनच्या एका सीडीत ६५० एमबी, म्हणून तर फायनल फँटसी ७ हा गेम निंटेंडो सोडून १९९७ ला प्लेस्टेशनवर तीन सीड्यांत आला. लोडिंगला मात्र कार्ट्रिजचा हात कुणी धरू शकत नव्हतं, ते मानायलाच पाहिजे.
आता स्विच २ मध्ये बघ, ६४ जीबीचं कार्ड आहे, सायबरपंक २०७७ हा गेम त्यावर अख्खा आला. पण कितीतरी कंपन्या 'गेम-की कार्ड' देतात, त्यात गेमच नसतो, नेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्डही लावायचं. तुझ्यासारख्या नेटवाल्याला हे कार्ड काय कामाचं? मला तर ह्याचा मनापासून राग येतो, पैसे मोजून डबा घेतला तर आत गेम पाहिजेच.

टिळकवाडी_८बिट:
एक सांगायचं राहिलं, पीएस५ डिस्कवरून गेम चालवतच नाही. आधीच्या पीएस४ चा डिस्क वाचायचा ड्राईव्ह सेकंदाला साधारण २७ एमबी वाचायचा, म्हणजे ५० जीबी कॉपी करायला अर्धा तास, आणि पीएस५ चा एसएसडी (आतली चिपवाली साठवण, म्हणजे फ्लॅश मेमरी) सेकंदाला ५.५ जीबी. त्यामुळं गेम एसएसडीवर उतरतो, डिस्क फक्त मालकी दाखवायला आत ठेवायची. म्हणजे खेळताना तू फ्लॅशच वापरतोस, डिस्क नुसती घरापर्यंत माल पोचवते. अपडेटला नेट लागणारच, पण ५० जीबी उतरवायचे वाचतात हे खानापुरात काय कमी आहे का.

गणपतगल्ली_रिपेअर:
टिकण्याचं मी सांगतो, रोज हेच काम करतोय. सीडीत डेटा लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणून वरच्या बाजूला ओरखडा पडला की खेळ खलास. डीव्हीडीत तो मधोमध. ब्लू-रेत वाचायच्या बाजूनं फक्त ०.१ मिलिमीटर आत, त्यामुळं त्यावर कडक कोटिंग देतात. म्हणूनच ब्लू-रे पॉलिश मशीनवर घालू नका, कोटिंगच जातंय. बुरशी आली तर मऊ ओल्या फडक्यानं मधून कडेला सरळ पुसायचं, गोल गोल फिरवायचं नाही, मग पूर्ण वाळवून डब्यात ठेवायचं. डब्यांच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि भिंतीला चिकटून ठेवू नका.
कार्डाला ओरखड्याची भीती नाही, पण ओलीनं त्याच्या पट्ट्या काळ्या पडतात, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्या की बहुतेकदा चालतात. फ्लॅशमध्ये डेटा विजेच्या चार्जवर टिकतो, वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं तर तो हळूहळू गळतो. जुन्या कार्ट्रिजमध्ये डेटा चिप बनवतानाच कोरलेला असायचा, त्यामुळं नव्वदच्या दशकातल्या अजून चालतात, सेव्हची बॅटरी तेवढी संपलेली असते.
डिस्कपेक्षा ड्राईव्हची लेन्स आणि मोटर आधी दमते. आणि कुठंही ड्राईव्ह उघडून देऊ नका. जुन्या पीएस५ त ड्राईव्हचं बोर्ड त्याच कन्सोलच्या मदरबोर्डाशी जोडी लावलेलं असतं, ते बदललं की डिस्क वाचत नाही.

खानापूरचा_पाऊस:
लई आभार काका, पुसायची पद्धत आईलाही सांगितली. मग आता बिनडिस्कचा घेऊन ड्राईव्ह नंतर लावता येतो काय?

टिळकवाडी_८बिट:
२०२३ च्या शेवटी आलेल्या बारक्या मॉडेलला येतो, पहिल्या डिजिटलला नाही. पण ड्राईव्ह पहिल्यांदा जोडताना नेट लागतं, तेवढं काम पावसाळ्याआधी उरकून घे. माझं विचारशील तर डिस्कवालाच घे, गेम खेळून झाला की कोल्हापूर, गोव्याकडं विकता तरी येतो.