वेशीवरच्या काट्या आणि शाळेतला डबा

कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये गाव एकदिलानं उभं राहिलं, असं म्हणतात. खरंय, पण आधी गाव टरकलं होतं हेही सांगा की! २५ मार्च २०२०, ऐन पाडव्याला सगळं बंद झालं आणि आमच्याकडं बीड जिल्ह्यात वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या. एप्रिलमध्ये सरकारनं परवानगी दिल्यावर ऊसतोड कामगार कारखान्यांवरून परतले, तर काट्यांच्या अलीकडून त्यांना अडवणारे भावकीतलेच. शेवटी कुणाला झेडपीच्या शाळेत, कुणाला शेतातल्या शेडात ठेवलं.

जेवायला मात्र कमी पडलं नाही. बाया भाकरी, येसराची आमटी अन् कांदा शाळेच्या कठड्यावर ठेवून लांब सरकायच्या. आतला माणूस डबा उचलायचा, धुऊन तिथंच उन्हात पालथा घालायचा. त्यांच्या बैलांपुढं कडबा कोण टाकून जायचं, कुणी विचारलंही नाही.

रेशनवर माणशी ५ किलो फुकट तांदूळ आला. ज्वारी खाणाऱ्या घरांनी त्याचं करायचं काय? गल्लीत अदलाबदल सर्रास चालली. किराणावाल्यानंही उधारी दिली. ती काहींची दिवाळीपर्यंत फिटली नाही, अन् त्यावरून दोन घरांत अजून बोलणं नाही.