मदत हवी आहे: स्मरणाच्या प्रयोगात बाह्य चले (निकालात लुडबूड करणाऱ्या इतर गोष्टी) कशी आवरायची?

नमस्कार मंडळी, मी जळगावला एम.ए. मानसशास्त्र करतेय. गाणी चालू असताना शब्द कमी लक्षात राहतात का, हा माझा प्रयोग. शांततेचा गट सकाळी आठला घेतला, गाण्यांचा दुपारी दोनला. एप्रिलचं ऊन, त्यात मध्येच लाईट गेली, मुलं वहीने वारा घेत बसलेली. गुण कमी आले खरे, पण ते गाण्यांमुळे की उकाड्यामुळे, हे आता सांगताच येत नाही!

दुसरी अडचण शब्दयादीची. रावेरकडचा एक मुलगा 'केळी, घड, खोड' सलग बोलून गेला. घरची बागच केळीची. काहींची घरची बोली अहिराणी, त्यांना प्रमाण मराठीतले काही शब्द परके वाटले. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्मरणाच्या प्रयोगांत निरर्थक अक्षरगट वापरले ते याचसाठी, हे तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं.

आता नवी मुलं घेऊन, चिठ्ठ्या टाकून गट पाडून, दोन्ही गट सकाळीच घेणार आहे. पण अहिराणी बोलणारी मुलं दोन्हीकडे सारखी वाटून मग चिठ्ठ्या टाकू, की चिठ्ठ्यांवरच सोडू? गटात वीसच मुलं आहेत, म्हणून धाकधूक वाटते. की प्रत्येकाला दोन्ही परिस्थितींतून नेऊन क्रम अर्ध्यांचा उलटा ठेवू? कुणी असं केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.