बाबा सगळ्याला "दोन" म्हणतात. स्ट्रोकनंतर त्यांना आमचं बोलणं कळत असेल का?

मुक्ता७९
बाबा ६८ वर्षांचे, तीन आठवड्यांपूर्वी सकाळी उठले तेच उजवा हातपाय लुळा आणि तोंड वाकडं. रात्री झोपेत कधी सुरू झालं ते कोणालाच सांगता येईना, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती. आता घरी आहेत, हात थोडा हलतो, पण काहीही विचारलं की "दोन". पाणी हवंय का? दोन. झोपायचंय का? दोन. मग स्वतःच चिडतात, रडतात. परवा काकू त्यांच्यासमोरच म्हणाली की यांना आता काही कळत नाही, मला फार लागलं ते. खरंच कळत नसेल का? आणि बीपीची गोळी दहा वर्षं चालू, व्यसन एकही नाही, तरी का झालं?

वाचा_उपचार
मी स्पीच थेरपिस्ट आहे. याला वाचाघात म्हणतात, बुद्धी जाणं वेगळं आणि शब्द सापडेनासे होणं वेगळं. १८६१ साली पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी असाच एक पेशंट तपासला होता, तो वर्षानुवर्षं फक्त "तान" एवढंच बोलायचा पण समोरच्याचं बरंचसं समजायचं त्याला, आणि मेल्यावर पाहिलं तर मेंदूचा डावा पुढचा भाग खराब झालेला. तुमचे बाबा चुकल्यावर चिडतात म्हणजे आपण चुकलो हे त्यांना कळतंय, ही चांगली खूण आहे. ज्यांचा समजण्याचा भाग जास्त बिघडतो ते बरेचदा भरभर बोलतात पण अर्थ लागत नाही, आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नाही.
तरी किती कळतं ते तपासायचं. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे असं विचारा, मुद्दाम एखादं खोटंही विचारा, आणि उत्तर मानेनं किंवा डाव्या हाताच्या अंगठ्यानं घ्या. एका वेळी एकानंच बोला, टीव्ही बंद ठेवा. आवाज चढवू नका, कान ठीक आहेत त्यांचे. एक ते दहा म्हणून बघा सोबत, किंवा ओळखीचं गाणं, कधीकधी जे बोलता येत नाही ते गाता येतं. आणि कृपा करून थेरपी आत्ताच सुरू करा, पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते, नंतरही होते पण हळू.

परत_उभा
मला ४४ व्या वर्षी झाला होता. शब्द आत अगदी स्पष्ट असायचा आणि तोंडातून भलताच यायचा. माझ्यासमोर लोक काय काय बोलले ते सगळं मला आजही आठवतं, काकूंना हे नक्की सांगा. रडण्याचंही डॉक्टरांना सांगा, स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं आणि त्यावर औषध आहे, मी कितीतरी महिने उगाच सोसलं.

नाडी_बघा
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. गोळी चालू आहे म्हणजे बीपी ताब्यात आहे असं नाही, घरी मोजून लिहून ठेवता का? बीपी हे स्ट्रोकचं सगळ्यात मोठं कारण, साखर, सिगारेट, कोलेस्टेरॉल त्याच्यामागून येतात. पण या वयात मी आधी नाडी बघेन. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, तर हृदयातच गुठळी होते आणि तिथून मेंदूत जाते, त्यात स्ट्रोकचा धोका पाचपट असतो. ते कधी येतं कधी जातं त्यामुळे एका ईसीजीत सापडेलच असं नाही, होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं अंगावरचं छोटं यंत्र, लावलं होतं का विचारा. आणि आधी कधी काही मिनिटांसाठी हात बधिर होणं, बोबडं बोलणं असं झालं होतं का?

साधा_माणूस
परत तसं वाटलं तर लगेच घरीच ॲस्पिरिन द्यायची ना?

नाडी_बघा
नाही!! शंभरातले साधारण ८५ स्ट्रोक गुठळीचे असतात पण उरलेले रक्तस्रावाचे, आणि सीटी स्कॅनशिवाय बाहेरून ओळखता येत नाही. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिननं वाढेल. शिवाय गिळता येत नसेल तर फुप्फुसात जाईल, पाणीसुद्धा नको. फक्त वेळ बघून ठेवा, शेवटचे धड कधी होते ती, आणि निघा. इंजेक्शनला साधारण साडेचार तासच मिळतात, मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेनं काढायला काही पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत. मोठी गुठळी असेल तर दर मिनिटाला १९ लाखांच्या आसपास पेशी मरतात, म्हणून बरं वाटेल म्हणून थांबणं नको.

मुक्ता७९
सगळ्यांचे खूप आभार. दोन महिन्यांपूर्वी लिहिताना त्यांच्या हातातून पेन निसटलं होतं, दहा मिनिटांत ठीक झालं म्हणून आम्ही कोणालाच दाखवलं नाही. आज डॉक्टरांना ते सांगितलं, होल्टर सोमवारी लावणार आहेत. आणि संध्याकाळी मी विचारलं, बाबा, मी तुमची बहीण ना? माझ्याकडे बघितलं, मान जोरात नाही म्हणून हलवली, हसले, आणि म्हणाले "दोन". आम्ही दोघी बहिणी, मी धाकटी.