'मुलायम' म्हणजे नुसतं 'मऊ' नव्हे

धागाकर्ता:
हल्ली जाहिरातींत गादी मुलायम, उशी मुलायम आणि पावसुद्धा मुलायम. ही सरमिसळ मला चूक वाटते. इथे दोन वेगळ्या परीक्षा आहेत. बोटाने दाबल्यावर दबतं ते मऊ. तळवा फिरवताना कुठे अडत नाही ते गुळगुळीत. काच गुळगुळीत असते पण मऊ नसते. पिंजलेला कापूस मऊ असतो, पण त्याला गुळगुळीत कोणी म्हणणार नाही. दोन्ही परीक्षांना जे उतरतं तेच मुलायम. मांजराच्या पाठीवर केसांच्या दिशेने हात फिरवा: मुलायम. उलट दिशेने फिरवा: मऊपणा तोच, मुलायमपणा गेला.

सूत आणि वीण:
अर्धंच पटलं. कापडाला दाबाची परीक्षा लागू होत नाही, कारण दबायला जाडीच नसते. रेशमाचं बघा. कच्च्या धाग्यावर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो, वजनाच्या साधारण 20 ते 25 टक्के. तो असेपर्यंत धागा ताठ आणि खरखरीत असतो. साबणाच्या गरम पाण्यात तो काढला की धागा वाकायला लागतो, आणि तेव्हा कुठे रेशीम मुलायम होतं. म्हणून 'दबतं' नको, 'वाकतं' म्हणा. लोकरीत आणखी एक गोष्ट येते. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं कातडीला टोचतात. अशा लोकरीचा ढीग हाताने दाबला तर मऊ लागतो, पण तिचा स्वेटर मुलायम नसतो.
आणि कृपा करून 'तलम' यात ओढू नका. तलम म्हणजे बारीक सुताचं, पातळ. खळ दिलेली तलम साडी चांगली कडक असू शकते.

धागाकर्ता:
'वाकतं' ही दुरुस्ती मान्य. खळीच्या उदाहरणाने तर माझंच म्हणणं पक्कं होतं. खळ देऊन इस्त्री केलेलं कापड आधीपेक्षा गुळगुळीत होतं, पण सुतं एकमेकांना चिकटल्यामुळे वाकत नाही. त्याला मुलायम कोण म्हणेल?

शब्दार्थी:
तुम्ही दोघंही शब्दाला कातडीला बांधून टाकताय. 'मुलायम' अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ अनुरूप, जुळणारं. त्यातूनच पुढे सौम्य. म्हणजे स्पर्श हा त्याचा एक उपयोग झाला. मुलायम आवाज, मुलायम प्रकाश हे ओढूनताणून केलेले प्रयोग नाहीत. मग मुलायम गादीवर लाल पेन्सिल कशाला?

मुद्रितशोधन:
कारण व्युत्पत्ती काहीही असो, आज मराठीत दोन्ही शब्दांची वागणूक वेगळी आहे. संस्कृत 'मृदु', प्राकृत 'मउ' या वाटेने आलेला 'मऊ' दोषही दाखवतो: हवेतला ओलावा शोषून चिवडा मऊ पडतो, ही तक्रार असते. 'मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये' या म्हणीत मुलायम घालून बघा, म्हणच कोसळते. त्याच कुळातला 'मवाळ' 1907 च्या सुरत काँग्रेसमध्ये जहालांपुढे उभा होता. तिथे 'मुलायम गट' म्हणून चालेल का? मुलायम बहुतेक कौतुकानेच येतो, आणि वस्तूबद्दल असेल तर त्याला पृष्ठभाग लागतो.
म्हणून संपादन करताना आधी नेमका शब्द शोधावा. पाव लुसलुशीत: दाबला की दबतो आणि परत वर येतो. कणीक मऊसूत: मळून वीसेक मिनिटं झाकून ठेवली की पिठात पाणी सगळीकडे मुरतं, ताण उतरतो, गाठ राहत नाही. लाटताना ती मागे ओढली गेली तर मऊसूत झालेली नाही.

शब्दार्थी:
आवाजाला पृष्ठभाग नसतो, तरी तो मुलायम असतो. त्यामुळे तुमचा नियम फक्त वस्तूंपुरता, एवढं मी मान्य करतो. गादीवरचा आक्षेप मात्र अजून पटलेला नाही.

मुद्रितशोधन:
गादीची खोळ सॅटिनची असेल तर खोळ मुलायम लिहा. आतला कापूस मऊच.