बाबांची गाडी, आरसी गायब, ग्रीन टॅक्स कसा भरू?

नागपूरवाल्यांनो, मदत हवी आहे. बाबा गेले, त्यांची एमएच-३१ पासिंगची जुनी वॅगनआर आता मीच चालवणार, पण आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) कुठेच सापडत नाहीये, कपाट, पेट्या सगळं उपसून झालं. १५ वर्षं उलटली, म्हणजे रीपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) अन् ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर) आलाच. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नाव बाबांचंच, लोन नाही, चेसिस नंबर घासून वाचला, जुळतो. डेथ सर्टिफिकेट आहे, आई-बहीण एनओसी द्यायला तयार. ऑनलाइन भरायला गेलो तर ओटीपी बाबांच्या बंद नंबरवर जातो. एजंट पैसे असे सांगतो की गाडीच विकावी लागेल. तर आधी डुप्लिकेट आरसीचा फॉर्म २६ भरू की वारसाचा ३१, का दोन्ही सोबत चालतात? आणि नाव चढायच्या आधी टॅक्स भरून घेतात का?