मदत हवी आहे: मेंढीकोटच्या स्पर्धेत वाटणाऱ्याची लबाडी कशी रोखावी?

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातील आमच्या गावात गणेशोत्सवात जागरणाच्या रात्री मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळाची जोड्यांची स्पर्धा होते. पैसे लावून खेळणे कर्नाटक पोलीस अधिनियम, १९६३ प्रमाणे अंगाशी येऊ शकते, म्हणून प्रवेश फी नाही; जिंकणाऱ्या जोडीला शाल-श्रीफळ मिळते, एवढेच. तरीही गेल्या वर्षी "पत्ते लावले", म्हणजे वाटण्यापूर्वीच मुद्दाम हवे तसे रचले, या आरोपावरून मंडपातच वाद पेटला आणि यंदा नियम लिहून काढण्याचे काम मंडळाने माझ्याकडे सोपवले आहे.

माझ्या मते हातचलाखीपेक्षा आपल्या वाटण्याच्या रीतीतच लबाडीला जास्त वाव आहे. डावात जिंकलेल्या दश्श्या (दहाचे चार पत्ते; ज्यांच्याकडे त्या जास्त, त्यांचा डाव) वेगळ्या, उताण्या मांडलेल्या असतात आणि पत्ते गोळा करताना त्या बहुधा एकत्रच कॅटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या गठ्ठ्यात, जातात. वाटणाऱ्याने त्या तळाशी सरकवल्या, वरवरचेच पत्ते हातावर पिसले आणि काटायला पुढे केलेल्या गठ्ठ्यावर समोरच्याने नुसते बोट टेकवून "वाटा" म्हटले, तर चौघांना पाच-चार-चार असे वाटताना तळाचे चारही पत्ते आपोआप वाटणाऱ्याच्याच पदरात पडतात. त्यात हरलेल्या जोडीकडेच पिसणी राहत असल्यामुळे एकाच माणसाला ही संधी लागोपाठ मिळू शकते. (अर्थात, नुसते कच्चे पिसले तरी दश्श्या एकगठ्ठा येतात, हे आरोप करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.)

बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की, कॅटचे दोन भाग करून कडा एकमेकांत गुंतवत पिसल्यास ५२ पत्ते साधारण सात वेळांत चांगले मिसळतात. हातावर पिसण्याला मात्र तेवढ्यासाठी हजारो फेऱ्या लागतात. आमच्याकडे कडा गुंतवून पिसणारे फारसे कोणी नाही, म्हणून सगळे पत्ते सतरंजीवर पालथे पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर कालवावेत, असा नियम करण्याचा विचार आहे. शिवाय काटणे सक्तीचे, तेही प्रतिस्पर्धी जोडीतील गड्याने, आणि काटल्यानंतर तळाचा पत्ता दिसू नये म्हणून त्याखाली एक जोकर.

पिसणारा आणि वाटणारा वेगवेगळ्या जोडीतील ठेवावा का, की प्रत्येक सतरंजीवर पंच बसवावा? एका वेळी बरेच डाव चालतात आणि तेवढे पंच मिळणे कठीण आहे. वयाने मोठी मंडळी काटण्याच्या सक्तीला अविश्वास समजतात. त्यांना न दुखवता हा नियम मराठी व कन्नड दोन्हींत कसा मांडावा? आणि वाटपाबद्दल हरकत नेमकी केव्हापर्यंत ग्राह्य धरावी: पत्ते उचलण्यापूर्वी, की हुकूम ठरेपर्यंत? ज्यांनी अशा स्पर्धा भरवल्या आहेत, त्यांनी आपल्याकडील नियम शब्दशः कळवल्यास फार बरे होईल.